'अस्पष्ट' लिहिण्यापूर्वी

करूर, मदुराई आणि श्रीलंका येथे सापडणाऱ्या चौथ्या-पाचव्या शतकांतल्या रोमन नाण्यांच्या नोंदी छपाईसाठी येतात, तेव्हा 'रोमन, तांबे, अस्पष्ट' एवढ्यावर काम आटोपलेले पुष्कळदा दिसते. हे आम्हाला मान्य नाही. आर. कृष्णमूर्ती यांनी अशाच झिजलेल्या नाण्यांवर १९९४ मध्ये स्वतंत्र पुस्तक केले. नाणी नखाएवढी असली तरी त्यांतली बरीचशी ओळखता येतात, आणि तीही मागच्या बाजूवरून.

चेहरा पाहून फारसे हाती लागत नाही. सगळे सम्राट जवळपास सारखेच दिसतात. नावाचाही घोळ आहे. 'कॉन्स्टन्' एवढी अक्षरे लागली तरी कॉन्स्टंटाइन, त्याच नावाचा त्याचा मुलगा, कॉन्स्टँशियस आणि कॉन्स्टन्स असे चौघे शिल्लक राहतात. नाणे उलटून पाहा. दोन सैनिकांच्या मध्ये दोन ध्वजदंड असतील, तर काळ ३३० ते ३३५. एकच दंड असेल, तर त्यानंतरचा, ३४१ पर्यंतचा. वजनाने खात्री पटते: पहिल्याचे साधारण अडीच ग्रॅम, दुसऱ्याचे दीडच्या आसपास. घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला सैनिक भाल्याने भोसकत असेल, तर ३४८ नंतरचे धरा. कैद्याला फरफटत नेणारी पंखांची विजयदेवता असेल आणि वजन जेमतेम एक ग्रॅम भरत असेल, तर थिओडोसियस, आर्केडियस, होनोरियस यांच्याकडे वळा. पंख आहेत ना, हे मात्र नीट बघा; वॅलेंटिनियनच्या नाण्यांवर कैद्याला ओढणारा सम्राट स्वतःच आहे.

मग तळाच्या रेषेखालची टांकसाळीची खूण. इथे चांगले जाणकारही फसतात. कॉन्स्टंटाइनच्या काळात आर्ल शहराला कॉन्स्टंटिना हे नाव मिळाले, त्यामुळे तिथल्या नाण्यांवरही 'कॉन्स्ट' येते. विभागाचे अक्षर कुठे आहे ते पाहावे. आर्लला ते आधी येते, पी किंवा एस. कॉन्स्टँटिनोपलला शेवटी, आल्फा, बीटा, गॅमा असे. एवढ्या एका अक्षरावर नाणे फ्रान्समधले की बॉस्फरसच्या काठचे, हे ठरते. दक्षिण भारतापर्यंत पैसा कोणत्या वाटेने आला, याचा विचार त्याशिवाय करता येत नाही. श्रीलंकेत या नाण्यांच्या स्थानिक नकलाही झाल्या. त्यांवर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा उरतात. त्या वेगळ्या नोंदवाव्यात, 'अस्पष्ट' म्हणून टाकून देऊ नयेत.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, आम्ल, तारेचा ब्रश यांतले काहीही वापरू नका. हिरव्या थराबरोबर ती खालची अक्षरेही जातात आणि पुन्हा येत नाहीत. शुद्ध पाणी, लाकडी काडी, भिंग आणि तिरपा उजेड पुरे आहे. धीर हवा.

यापुढे प्रत्येक नोंदीसोबत वजन, व्यास, सापडल्याचे ठिकाण आणि तिरप्या उजेडात घेतलेली दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवावीत. यांतले काही नसेल, तर नोंद छापली जाणार नाही.