टोपी, चाबूक आणि एक जुना बग

मागच्या वेळी पासवर्डचं रडगाणं गायलो होतो, यावेळी जरा सिनेमाकडे वळू.

दिवाळीत ताई आणि भाचा हैदराबादहून आमच्याकडे बडोद्याला आले होते. भाचा इयत्ता सहावीत. एका हातात चकली, दुसरा हात माझ्या लॅपटॉपवर, आणि पडद्यावर इंडियाना जोन्सचा लेगो गेम. मध्येच त्याने विचारलं, "मामा, हा मोला राम म्हणजे आपला कुठला देव?"

आली का पंचाईत! कारण त्याने इंडियाना जोन्सचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. त्याच्यासाठी इंडी म्हणजे टोपी घातलेला, चाबूक फिरवणारा लेगोचा छोटा माणूस.

म्हणून आधी त्याला मूळ गोष्ट सांगितली. १९७७ मध्ये हवाईच्या समुद्रकिनाऱ्यावर जॉर्ज लुकासने स्टीव्हन स्पीलबर्गला एक कल्पना ऐकवली. १९३०-४० च्या दशकांत अमेरिकेतल्या थिएटरांत दर आठवड्याला एक भाग दाखवायचे, तशा साहसी मालिकांसारखा सिनेमा करायचा. हीरो मात्र पुरातत्त्वाचा प्राध्यापक. १९८१ मध्ये 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' आला आणि तुफान चालला.

पुढच्याच वर्षी अटारीवर त्याचा व्हिडिओ गेम आला. तो खेळायला दोन जॉयस्टिक लागायच्या. एकीने इंडीला चालवायचं, दुसरीने त्याच्याजवळची वस्तू निवडायची! १९८३ पासून मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये इंडीच्या नव्या गोष्टी आल्या, पुढे कादंबऱ्यांतही. १९९२ मध्ये 'फेट ऑफ अटलांटिस' हा संगणकावरचा गेम आला आणि त्याची गोष्ट कुठल्याही सिनेमावरून घेतलेली नव्हती. त्यात डोकं चालवायचं, मारामारी करायची की साथीदाराला घेऊन जायचं, असे तीन वेगळे मार्ग खेळणाऱ्याला निवडता यायचे. मग डिस्नेलँडची राइड, लेगो, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये एका स्वीडिश कंपनीने केलेला 'द ग्रेट सर्कल'. त्यात तर आपण बहुतेक वेळ इंडीच्याच डोळ्यांनी बघतो.

माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचं तर हा एकच कोडबेस आहे. प्रत्येक माध्यमाने तो कॉपी केला आणि आपल्या सोयीने पुढे वाढवला. पण कोड कॉपी केला की त्यातला बगही कॉपी होतो, हे कुठलाही इंजिनिअर सांगेल. मोला राम हा तसा बग आहे.

तो येतो १९८४ च्या 'टेम्पल ऑफ डूम'मधून. गोष्ट १९३५ सालच्या भारतातली. पंकोट नावाच्या संस्थानातल्या राजवाड्यात पाहुण्यांना जिवंत साप आणि माकडाचा मेंदू वाढतात, आणि राजवाड्याखाली कालीमातेच्या नावाने नरबळी देतात. पळवून आणलेली गावातली मुलं तिथल्या खाणीत राबतात. मोला राम हा तिथला पुजारी, म्हणजे आपले अमरीश पुरी. आपल्या सरकारने भारतात चित्रीकरणाला परवानगी नाकारली, म्हणून ते श्रीलंकेत झालं. सिनेमावर इथे सुरुवातीला बंदीही होती.

ताई म्हणाली, "प्रश्न विचारलाय ना त्याने, मग दाखव सिनेमा. पण बरोबर बसून." बसलो तिघं. खाणीतली गाडी सुसाट सुटते तेव्हा मीच भाच्यापेक्षा जास्त ओरडलो. ते दृश्य आजही भारीच आहे. पण जेवणाचा प्रसंग आला तसा भाचा आधी "ईऽऽ" करून हसला आणि मग गप्प झाला. जरा वेळाने म्हणाला, "मामा, काल आपण लक्ष्मी विलास पॅलेस बघितला. तिथे तर असं काहीच नव्हतं."

मी सिनेमा थांबवला. त्याला सांगितलं, हा सिनेमा ज्या १९३५ सालात घडतो, तेव्हा त्या राजवाड्यात सयाजीराव गायकवाड राज्य करत होते. त्यांनी १९०६ मध्येच संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. म्हणजे पडद्यावरच्या संस्थानात मुलं खाणीत राबत होती, त्याच सालात खऱ्या संस्थानात मुलांना शाळेत पाठवायचा कायदा जवळजवळ तीस वर्षं जुना झाला होता. त्याचे डोळे जरा मोठे झाले.

आता बग कसा पसरला ते बघा. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये राइड सुरू झाली. तिची गोष्टही १९३५ च्या भारतातल्या एका काल्पनिक देवळाची. देवाचं नाव मारा. बुद्धाच्या कथेत मोह घालायला येणारा मार आपल्याला माहीत आहे, इथे त्याचं देऊळच बांधून टाकलं! २००८ च्या लेगो गेममध्ये पहिले तीन सिनेमे आले, त्याबरोबर मोला रामही आला. आता तो इतका गोंडस झालाय की मुलाला तो देवच वाटावा.

पण गंमत म्हणजे दुरुस्तीही याच विस्तारात सापडते. १९९२ मध्ये लुकासनेच इंडीच्या लहानपणावर टीव्ही मालिका सुरू केली. मुलांना गोष्टीतून इतिहास कळावा, हा तिचा हेतू. तिच्यातल्या एका भागात छोटा इंडी १९१० साली बनारसला येतो आणि त्याची भेट होते कोवळ्या वयातल्या जे. कृष्णमूर्तींशी. ॲनी बेझंटही त्यात आहेत. तोच हीरो, तोच निर्माता, देशही तोच. पण यावेळी इंडी इथे शिकायला आलाय.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग त्यांनी जुना सिनेमा का नाही फिक्स केला?"

म्हटलं, बाबा रे, एकदा रिलीज झालेलं परत घेता येत नाही. जुनं व्हर्जन लोकांच्या घरोघरी चालूच राहतं. आपण एवढंच करायचं की बग कुठे आहे ते माहीत असू द्यायचं, आणि शेजारी बसलेल्याला सांगायचं.

तेव्हा मंडळी, मुलांना इंडियाना जोन्स जरूर दाखवा. मजा आहे त्यात, आणि मुलांपासून लपवून तर काहीच राहत नाही. फक्त त्यांना एकटं बसवू नका. रिमोट आपल्या हातात ठेवा, आणि पंकोटचा राजवाडा आला की जरा थांबवा.

जाता जाता, भाचा हैदराबादला पोचल्यावर ताईचा फोन आला. स्वारी लेगोचे ठोकळे घेऊन बसली होती. राजवाडा बांधणं चालू होतं, आणि त्याच्या शेजारी एक शाळा.