बैलाला दाखला, माणसाला गटार?

माणूस इतर प्राण्यांहून मुळातच वेगळा आहे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या बैठकीतला आहे असे पुष्कळांना वाटते. चऱ्होलीच्या परिसरात तो शर्यतीच्या घाटावर आणि गटाराच्या झाकणापाशी उभा आहे. इंद्रायणीकाठचे हे गाव 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. शेतांच्या जागी इमारती आल्या. एका अंगाला भोसरीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला चाकणचे. तरी या पट्ट्याचा जीव अजून बैलगाडा शर्यतीत अडकलेला आहे.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर या शर्यतीही बंद केल्या. बैलाचे शरीर घोड्यासारखे शर्यतीत पळण्यासाठी नाही, त्यालाही भीती व वेदना आहे, त्याच्या जगण्याला स्वतःची किंमत आहे, असे न्यायालयाने सांगितले. 2017 साली राज्याने कायदा दुरुस्त केला, 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. जनावरांना मूलभूत हक्क बहाल करायचे मात्र त्याने नाकारले. म्हणजे मूलभूत हक्क माणसाचेच.

पण कोणत्या माणसाचे? बैलाच्या 2014 च्या निकालाआधी सहा आठवडे, 27 मार्चला, याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला होता. 1993 पासून गटारात व मैलाटाकीत मेलेल्या सफाई कामगारांच्या कुटुंबाला 10 लाख रुपये द्या, असा तो आदेश होता. बैलाच्या दुसऱ्या निकालानंतर पाच महिन्यांनी, 20 ऑक्टोबर 2023 रोजी, ती रक्कम 30 लाख झाली. बैलाच्या निकालांवर गावोगाव चर्चा झाली, दुसऱ्या निकालानंतर गुलाल उधळला गेला. सफाई कामगारांचे दोन निकाल आमच्या किती वाचकांच्या कानावर आले असतील? रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ मरणे थांबलेले नव्हते.

चऱ्होलीच्या शेजारीच आळंदी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ही कथा या भागात पोराटोरांना ठाऊक आहे. कथा सांगणाऱ्यांना माणूस आणि जनावर यांच्यात एकच आत्मा दिसला, हे चांगलेच झाले. आमचा प्रश्न एवढाच की, रेड्याला मिळालेला वेदांचा अधिकार शूद्रातिशूद्राला का मिळाला नाही? महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती. माणसांना तिथे ओंजळभर पाणी घेण्यासाठी 20 मार्च 1927 उजाडावा लागला. माणूस आणि जनावर यांच्यातली रेघ इथल्या व्यवस्थेने कधीच पुसली होती. फक्त ती जनावराला वर आणण्यासाठी पुसली नव्हती, माणसाला खाली ढकलण्यासाठी पुसली होती.

तथागतांनी वासेट्ठ सुत्तात हा गुंता अडीच हजार वर्षांपूर्वी सोडवला आहे. गवत, किडे, चतुष्पाद, मासे, पक्षी यांच्यात जन्मजात खुणांनी जाती वेगळ्या दिसतात. माणसाच्या केसापासून पायापर्यंत अशी एकही खूण सापडत नाही. जात असते ती बैलाला, माशाला. (मराठीत त्यालाही जातच म्हणतात आणि आपल्या दाखल्यावरही जातच लिहितात, हा शब्दाचा नव्हे, समाजाचा दोष.) पुढे 1871 साली डार्विनने लिहिले की, माणूस आणि वरच्या श्रेणीचे प्राणी यांच्या बुद्धीतला फरक प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही. तेव्हा रक्तामांसात श्रेष्ठत्व शोधण्यात अर्थ नाही.

मग फरक कुठे? बाबासाहेबांनी काँग्रेस व गांधींवरील 1945 च्या ग्रंथात, गांधीवादाची चिकित्सा करताना, याचे रोखठोक उत्तर दिले आहे. पशू आणि माणूस यांना वेगळे करते ती संस्कृती, म्हणजे मनाची मशागत. तिला फुरसत लागते आणि फुरसत यंत्राने मिळते. म्हणूनच त्यांनी यंत्राचा पक्ष घेतला. दोष यंत्राचा नसून ते मूठभरांच्या मालकीचे असण्याचा आहे, असे बजावले. चाकणच्या पट्ट्यात यंत्रांना तोटा नाही. पण बारा तास राबून खोलीवर फक्त झोपायला जाणाऱ्या कंत्राटी पोराला पुस्तक उघडायची फुरसत या यंत्रांनी दिली काय?

2022 च्या मे महिन्यात चिखलीच्या जाधववाडीत मोठी बैलगाडा शर्यत झाली. पहिले बक्षीस जेसीबीचे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात वाघोलीत एका गृहसंकुलाच्या मैलाटाकीत उतरलेले कामगार गुदमरून मेले. बैल जिंकला तर मालकाला यंत्र मिळते. मैल्यात मात्र माणूस उतरतो.

बैलाची काळजी घेणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या, दोघांच्याही औषधोपचाराची सोय कोरून ठेवली आहे. एकाला दिले म्हणून दुसऱ्याचे काढून घ्यावे लागत नाही. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. तो असलाच पाहिजे. टाकीत उतरवण्याआधी कामगाराची तपासणी कोण करतो, टाकीतला वायू कोण मोजतो? 2013 चा कायदा सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही आत उतरवण्यास मनाई करतो. आणि 28 जुलै 2021 रोजी राज्यसभेत राज्यमंत्री रामदास आठवले यांनी उत्तर दिले की, हाताने मैला उपसण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात गेलेले जीव सरकारी कागदावर ‘धोकादायक साफसफाई’ या वेगळ्या सदरात मोजले जातात.