शिक्षा थकली तर?

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ रोजी पहाटे एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करायला सांगितले. त्या निबंधावर सारा महाराष्ट्र संतापला. संताप रास्तच होता, आणि काही दिवसांतच मंडळाने आदेश बदललाही. पण एक साधा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ते पंधरा दिवस मोजणार कोण होते? दहाव्या दिवशी मुलगा आलाच नसता, तर ते कोणत्या वहीत लिहिले गेले असते?

माझी हयात बँकेत गेली, म्हणून मला माणसाच्या आधी वही दिसते. तो दोष वाचकांनी पोटात घालावा.

निबंधाची गोष्ट जामिनाच्या अटीची होती. आता मात्र समाजसेवा ही रीतसर शिक्षाच झाली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सहा गुन्ह्यांसाठी ती सांगितली आहे. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घालणे, पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी (माल किंवा त्याची किंमत परत केली तर), अब्रुनुकसानी हे त्यातले घरोघरी समजणारे. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न हाही त्यात आहे, आणि जिल्हाधिकारी कचेरीसमोर आत्मदहनाचे इशारे आपल्या मराठवाड्याला काही नवे नाहीत. कल्पना चांगली आहे. किरकोळ चुकीसाठी पोराला हर्सूलच्या तुरुंगात पाठवून पक्का गुन्हेगार करण्यापेक्षा त्याने घाटी रुग्णालयाच्या आवारात झाडू मारलेला बरा.

अडचण पुढे आहे. किती तास, किती दिवसांत, कोणाच्या देखरेखीखाली, यातले काहीही संहितेत नाही. ते सारे न्यायदंडाधिकाऱ्यांवर सोडले आहे. सेवा चुकली तर कैद, एवढे मात्र कलम ८ मध्ये आहे. जिथे शिक्षा केवळ दंडाची किंवा सेवेची, तिथे दंड पाच हजारांपर्यंत असेल तर कैद जास्तीत जास्त दोन महिने, दहा हजारांपर्यंत असेल तर चार महिने, आणि ‘इतर कोणत्याही बाबतीत’ एक वर्ष. झाडूच्या तासाला रुपयांत किंमत नाही, म्हणून लहान चोरीची सेवा या शेवटच्या खणात पडते, असा माझा अर्थ. वकील मंडळींनी दुसरा लावून दाखवला तर मला आनंदच आहे.

समजा, वाळूजला कंत्राटावर काम करणारा एक तरुण आहे. त्याला साठ तास मिळाले. एक दिवस खाडा केला की रोजी बुडते, चार खाडे झाले की ठेकेदार दुसरा माणूस बघतो. रविवारी तो रुग्णालयात गेला, तर सही करणारा बाबू सुटीवर. मुदत संपते तेव्हा कागदावर भरतात बावीस तास. हा थकबाकीदार खरा, पण कोणत्या जातीचा?

बँकेत आम्ही हा प्रश्न फार उशिरा शिकलो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून म्हशींसाठी कर्जे वाटण्याचा तो काळ होता. एका कर्जदाराला आमच्या शाखेने तीन नोटिसा धाडल्या होत्या. वसुलीला मी गावात गेलो तर गोठा रिकामा. म्हैस मेली होती. विम्यासाठी लागणारा कानातला बिल्ला आणि पशुवैद्याचा दाखला त्याने तिसऱ्याच दिवशी शाखेत आणून दिला होता. परत येऊन शोधले, तर दोन्ही वस्तू आमच्याच खणात, टाचणी लावून ठेवलेल्या. आणि नोटिशींवर सह्या माझ्या!

पैसे बुडवणारा आणि पैसे न जमणारा, हे दोघे खतावणीत सारखेच दिसतात. इंग्लंडात १९७३ साली ही शिक्षा सुरू झाली, तेव्हा चाळीस ते दोनशे चाळीस तास आणि बारा महिन्यांची मुदत कायद्यातच होती, आणि नजर ठेवायला प्रोबेशन अधिकारी होते. आपल्याकडेही १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात बंधपत्राची अट पहिल्यांदा मोडली तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करून माणसाला आणखी एक संधी देण्याची सोय आहे. दिल्लीच्या १९९९ मधल्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दोन वर्षांची समाजसेवा सांगितली, तेव्हा ती कोणते मंत्रालय लावून देईल आणि न केल्यास किती कैद, हेही निकालातच लिहिले. तो आरोपी बड्या घरचा होता, वकीलही बडे होते. आमच्या वाळूजच्या तरुणाला एवढे तपशीलवार कोण लिहून देणार?

म्हणून त्याच्या घरच्यांनीच ते मागून घ्यावे. तास किती, जागा कोणती, शेवटची तारीख कोणती, सही कोणाची, हे आदेशातच नमूद करण्याची विनंती वकिलामार्फत त्याच दिवशी करावी. हजेरीच्या पानाची झेरॉक्स दर आठवड्याला घरी ठेवावी. आजारपण आले, बाबू भेटला नाही, पाळी बदलली, तर मुदत उलटायची वाट न पाहता आधीच अर्ज करावा, डॉक्टरचा किंवा कारखान्याचा दाखला जोडावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, तारखेसह.