चोरी, पण कायदेशीर!

बेसबॉल पाहताना आपल्या क्रिकेटवेड्या माणसाला पहिली जांभई येते, ती पिचर फलंदाजाला सोडून पहिल्या बेसकडे चेंडू फेकू लागला की! पण वाचकहो, खरी गंमत तिथेच असते.

१७ ऑक्टोबर २००४ ची बोस्टनची रात्र घ्या. सातांच्या मालिकेत यांकीजने पहिले तिन्ही सामने जिंकलेले. चौथ्यातही ४-३ आघाडी. नववा, शेवटचा डाव. हरले की रेड सॉक्सचा खेळ खलास! त्यांचा केव्हिन मिलार चार चेंडू बाहेर गेल्याने पहिल्या बेसवर पोहोचला. त्याला बसवून डेव्ह रॉबर्ट्सला धाडले, केवळ धावण्यासाठी. आता हा दुसरा बेस चोरणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते.

बंट करून त्याला पुढे सरकवता आले असते. पण त्यात एक गडी हकनाक जातो, आणि हाती होते तीनच. उलट चोरी साधली की बेस फुकट, शिवाय दुसऱ्या बेसवरून साध्या फटक्यातही घर गाठता येते.

पिचर रिव्हेरा काय दुधखुळा होता? त्याने आधी तीनदा पहिल्या बेसकडे फेकला. रॉबर्ट्स तिन्ही वेळा परतला, अन् फलंदाजाकडे पहिलाच चेंडू सुटताच पळाला. ९० फूट! बोटभर फरकाने वाचला. म्युलरच्या फटक्यावर बरोबरी झाली. बाराव्या डावात बोस्टन जिंकले, पुढे मालिकाही.

२०२३ पासून मात्र असे दोनदाच फेकता येते. तिसऱ्यांदा फेकून गडी टिपला नाही, तर पुढचा बेस आयताच मिळतो. म्हणजे रॉबर्ट्सला आज चालतच जाता आले असते! आम्हांला नाही बुवा हे रुचत.