किलकारीचा फोन वाजतो, पण कोणाच्या खिशात?

भातकुली : गरोदर बाईला घरबसल्या माहिती मिळावी म्हणून केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये ती महाराष्ट्रात सुरू झाली. चौथ्या महिन्यापासून लेकरू वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक फोन, असे एकूण 72 संदेश. पैसे लागत नाहीत, इंटरनेट लागत नाही, वाचता येणंही गरजेचं नाही. आपल्या तालुक्यासाठी ही चांगलीच गोष्ट आहे, त्यात वाद नाही.

अडचण नंबरात आहे. आशाताईने नोंदणी करताना जो मोबाईल नंबर लिहून घेतला, त्याच नंबरवर फोन येतो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा नवऱ्याचा, नाहीतर सासऱ्याचा असतो. ‘फोन त्यायच्याजवळ रायते’ हे वाक्य कोणत्याही गावात ऐकायला मिळते. नवरा वावरात नाहीतर अमरावतीला कामावर. अनोळखी नंबर पाहिला की कंपनीचा असेल म्हणून कट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे 2019-21 चे आकडे सांगतात की देशाच्या ग्रामीण भागात स्वतः वापरता येईल असा मोबाईल 46.6 टक्केच बायांजवळ आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या तर 24.6 टक्केच.

दुसरी गोष्ट माहेराची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या-आठव्या महिन्यात पोरगी खोलापूरहून दर्यापूरकडे जाते, नवऱ्याचा फोन मात्र खोलापुरातच राहते. म्हणजे कळा कशा ओळखायच्या, अंगावर जाऊ लागलं तर काय करायचं, हे ज्या आठवड्यांत ऐकायला पाहिजे, नेमक्या त्याच आठवड्यांत फोन तिच्यापासून लांब.

ज्यांच्या हाती स्मार्टफोन आहे त्यांची गत वेगळी. त्यायच्यासमोर व्हिडिओंचा पूर आहे. पोट असं दिसलं तर मुलगा, तसं दिसलं तर मुलगी, असले व्हिडिओही त्यात आलेच. ते निव्वळ थोतांड. पैसे भरून गर्भसंस्काराचे ऑनलाइन वर्गही आहेत. कोणाला त्यातून मनाला बरं वाटत असेल तर वाटू द्या. पण डोकं सारखं दुखते, डोळ्यापुढं अंधारी येते, हातापायावर सूज आहे, बाळाची हालचाल कमी झाली, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो, हे आधी कळायला पाहिजे. शहरात बसून केलेल्या व्हिडिओत ‘भरपूर पाणी प्या’ म्हणणं सोपं. आपल्या खारपाणपट्ट्यात कोणतं पाणी, हेही सांगावं लागते.

नुसत्या फोनने काय होते आणि काय होत नाही, हे मध्य प्रदेशात तपासून झालं आहे. चार जिल्ह्यांत 2018 ते 2020 या काळात किलकारीचा अभ्यास झाला. पाळणा लांबवण्याच्या साधनांचा वापर थोडा वाढला. पण पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध देण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. साहजिक आहे. बाळाला पाणी पाजू नका हे सुनेनं ऐकून उपयोग काय, घुटी पाजणारी आजी तर वेगळीच असते. फोन स्पीकरवर टाकून घरातल्या सगळ्यांनी ऐकला तर गोष्ट वेगळी.

म्हणून आशाताई आणि परिचारिकेकडे मागणी एवढीच की, सातव्या महिन्यात नंबर पुन्हा विचारा आणि माहेरचा नंबर नोंदवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथं ‘फोन येते का, कोण उचलते’ हेही विचारता येईल. अंगणवाडीत चार-पाच जणींना एकत्र बसवून संदेश ऐकवला, तर कोणाला काय समजलं नाही तेही तिथंच कळेल.

आणि 102 हा नंबर घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि नेणं-आणणं 2011 पासून मोफत आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडीला वेळ लागते, तेव्हा कळा सुरू झाल्या की लगेच फोन लावा.