एक सामना, कोट्यवधी प्रती: मल्टिकास्ट नेमकं कुठे अडलं?

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक पाहत होते, असं कंपनीने जाहीर केलं. प्रत्येकाला सेकंदाला ५ मेगाबिट धरले, तर हा प्रवाह होतो २९५ टेराबिट! आणि चित्र सगळ्यांना एकच. मग इतक्या प्रती कशाला?

यावरचा उपाय जुना आहे. स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ मध्येच मल्टिकास्टचे नियम लिहिले. स्रोताने एकच प्रत पाठवायची. जिथे वाट फुटते, फक्त तिथे राउटरने दुसरी प्रत काढायची. १९९२ पासून एमबोन नावाच्या प्रायोगिक जाळ्यावर हे चाललं आणि त्यासाठीची महत्त्वाची सॉफ्टवेअर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तयार झाली.

एका कंपनीच्या जाळ्यात मल्टिकास्ट आजही उत्तम चालतं. बीटीच्या टीव्ही वाहिन्या आणि लंडन शेअरबाजाराचे भाव असेच पोचतात. अडचण येते ती दोन जाळ्यांच्या सीमेवर. जुन्या पद्धतीत प्रत्येक जाळ्यात एक 'भेटीचा राउटर' असतो. कोणता स्रोत सुरू झाला, हे तो शेजारच्या जाळ्यातल्या आपल्या जोडीदाराला एमएसडीपीने कळवतो. शिवाय प्रत्येक राउटर पाहतो, की पाकीट स्रोताकडे जाणाऱ्या वाटेनेच आलंय का. नसेल तर ते निमूटपणे टाकून देतो. दोन जाळ्यांमध्ये मल्टिकास्टची वाट नेहमीच्या वाटेहून वेगळी असली, तर बीजीपीमध्ये तिचा वेगळा तक्ता ठेवावा लागतो. तो चुकला की चित्र गायब, आणि चूक कुणाच्या हद्दीत हे शोधण्यात दोन्हीकडच्या अभियंत्यांचा दिवस जातो.

पण माझ्या मते खरी अडचण तांत्रिक नव्हती. प्रती शेजाऱ्याच्या राउटरने काढायच्या, तर पैसे कुणी द्यायचे? अनोळखी स्रोताला आपल्या जाळ्यात का शिरू द्यायचं? याचं उत्तर न मिळाल्यामुळे सगळ्यांनी सीडीएनचा मार्ग धरला, म्हणजे साठा तुमच्या जवळ आणून ठेवायचा. तरी त्या साठ्यापासून प्रत्येक घरापर्यंत वेगळी प्रत जातेच.

आता परिस्थिती बदलली आहे. २०२० च्या आरएफसी ८८१५ ने (सहलेखक: ब्रिटनच्या जिस्कचे टिम चाऊन) दोन जाळ्यांमध्ये जुनी पद्धत सोडून द्या, असं स्पष्ट सांगितलं. नव्या पद्धतीत पाहणारा स्रोताचं नाव घेऊनच मागणी करतो. भेटीचा राउटर नको, एमएसडीपीही नको. आणि २०२३ मध्ये बीटीने मॉड जाहीर केलं: जाळ्याच्या आत मल्टिकास्ट, घरातल्या अ‍ॅपला मात्र नेहमीचाच प्रवाह.

ब्रिटनमध्ये अँटेनावरचं फ्रीव्ह्यू किमान २०३४ पर्यंत चालेल असं आश्वासन आहे. पुढे टीव्ही इंटरनेटवर गेला, तर मोठ्या सामन्याच्या रात्रीचा भार आणि खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलात येईल. महागडं ब्रॉडबँड न परवडणाऱ्या शेजारच्या आजींना तो सर्वांत जड जाईल. म्हणून अँटेना बंद करण्याआधी सर्व कंपन्यांना खुलं मल्टिकास्ट पुरवण्याची अट घालावी, असं मला वाटतं. नियम तयार आहेत, राउटरही तयार आहेत. उरलाय तो शेजाऱ्याशी करायचा करार.

तुम्हाला काय वाटतं?