न चालणाऱ्यांचा मोर्चा

मोर्चा म्हटला, की प्रथम पावलांचा विचार मनात येतो. कोल्हापुरात दसरा चौकातून एखादा मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे निघाला, म्हणजे पाहणारे त्याची लांबी मोजतात आणि तीवरून मागणीचे बळ ठरवितात. परंतु ज्यांना पाऊलच उचलता येत नाही, किंवा दीर्घ आजाराने जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांनी अशा वेळी काय करावे? त्यांना काही मागावयाचे नसते काय?

स्त्रियांच्या हक्कांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. अपंग स्त्रीला स्त्री म्हणून सोसावे लागते आणि अपंग म्हणूनही सोसावे लागते. शाळा दूर असली, की तिचे शिक्षण आधी थांबते. अन्याय झाला, तर पोलीस चौकीपर्यंत जाण्यासाठीही तिला दुसऱ्याचा हात धरावा लागतो. कित्येकदा तो हात अन्याय करणाऱ्याचाच असतो. म्हणजे जिला मोर्चाची गरज सर्वांत अधिक, तिलाच तो गाठणे सर्वांत कठीण!

या अडचणीतून अमेरिकेतील काही स्त्रियांनी एक वाट काढली. २१ जानेवारी २०१७ रोजी वॉशिंग्टन येथे स्त्रियांचा प्रचंड मोर्चा निघाला. आजारामुळे वा अपंगत्वामुळे ज्यांना तेथे जाणे शक्य नव्हते, अशा हजारो जणांनी आपले नाव, आपले छायाचित्र आणि आपण मोर्चात का सामील होत आहोत याचे निवेदन इंटरनेटवरून प्रसिद्ध केले. त्यांनी रस्ता तुडविला नाही. पण आपली साक्ष नोंदविली.

यावर कोणी म्हणेल, की घरबसल्या दोन ओळी लिहिण्यात कसला आला त्याग? धडधाकट माणसाने आळसाने तसे केले, तर हा आक्षेप योग्यच ठरेल. परंतु सहभागाचे मोल अंतरावरून नव्हे, तर शक्तीवरून ठरवावयाचे असते. सेतू बांधताना खारीने किती वाळू वाहिली, हे कोणी तोलून पाहिले नाही. शिवाय, आपल्या लोकशाहीनेही हे तत्त्व मान्य केले आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरातूनच मत देण्याची सोय होती. घरातून दिलेले मत जर पूर्ण मत असेल, तर घरातून उठविलेला आवाज अर्धा कसा?

आपल्या जिल्ह्याचे उदाहरण घ्या. ४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने पतिनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. असा ठराव ज्या ज्या गावी मांडला जाईल, तेथील अंथरुणाला खिळलेल्या विधवेचाही त्याच्याशी तितकाच संबंध आहे. तिचे म्हणणे फोनवरून वा चिठ्ठीतून सभेपर्यंत पोहोचले पाहिजे.

मात्र एक सावधगिरी हवी. घरातून बोलण्याची सोय झाली, म्हणून तिला घरातच ठेवण्याची सबब कोणाला मिळू नये. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पायांचे बळ ऐन तारुण्यात गेले. पण चाकाच्या खुर्चीवरूनच त्यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली आणि असंख्य अपंगांना घराबाहेरचे जग खुले केले. ज्यांना येता येईल, त्यांच्यासाठी व्यासपीठाला उतार हवा, वाटेत विसाव्याची जागा हवी, बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेची योजना हवी. ज्यांना येताच येणार नाही, त्यांचे निवेदन सभेत मोठ्याने वाचले जावे आणि मागण्या ठरविताना त्यांचे मत आधी विचारले जावे.

न्यायाची मागणी करणाऱ्यांनी प्रथम आपल्या रांगेत न्याय पाळावा. पुढच्या वेळी एखादा मोर्चा पाहाल, तेव्हा रस्त्यावरची माणसे अवश्य मोजा. पण बंद खिडक्यांमागे कोण राहून गेले, हेही विचारा. त्या उत्तरावरच मोर्चाची खरी लांबी ठरेल.